मनाचे तळघर आणि हाताचे वळण

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



तालुक्याच्या गावी न्यायालयाच्या आवाराबाहेर टाइपरायटर मांडून बसलेला माणूस अजून एखादा दिसतो. पक्षकार सांगत असतो, याची बोटे चालत असतात. मध्येच तो चहावाल्याला ‘दोन कटिंग’ म्हणून हाक मारतो, प्रतिज्ञापत्राचे किती होतील ते सांगतो, आणि तेवढ्या वेळात अर्धा परिच्छेद कागदावर उतरलेला असतो. यंत्रावर रुमाल टाकून त्याला विचारावे, ‘यावर ळ कुठे असतो हो?’ तोंडाने उत्तर येत नाही. आधी बोटे टेबलाच्या फळीवर हलतात, ती कुठे थांबली ते तो स्वतः बघतो आणि मग सांगतो. मिनिटाला तीस शब्दांची सरकारी परीक्षा याच बोटांनी पार केलेली असते. तरी ळची जागा त्याला बोटांकडूनच विचारून घ्यावी लागते.

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजून पाहिली. मिनिटाला सत्तरच्या आसपास शब्द टंकणाऱ्या लोकांपुढे त्यांनी इंग्रजी कळफलकाचा कोरा आराखडा ठेवला आणि अक्षरे भरायला सांगितली. २६ पैकी सरासरी १५ च्या आसपास अक्षरे जागच्या जागी पडली. त्याच विद्यापीठातल्या गॉर्डन लोगन आणि मॅथ्यू क्रम्प यांनी २०१० साली याहून खोडकर प्रयोग केला होता. टंकणाऱ्याने बरोबर लिहिलेल्या शब्दात पडद्यावर गुपचूप चूक घालायची, आणि त्याने खरोखर केलेली चूक पडद्यावर परस्पर दुरुस्त करून दाखवायची. विचारल्यावर माणूस पडद्यावर विश्वास ठेवी. घातलेली चूक तो आपली म्हणे, दुरुस्तीचे श्रेयही खुशाल घेई. बोटे मात्र फसली नाहीत. खऱ्या चुकीनंतर ती क्षणभर मंदावत, आणि घातलेल्या चुकीनंतर पूर्वीच्याच वेगाने पुढे जात.

बोटांना कळलेल्या आणि माणसाला न कळलेल्या या गोष्टीला नाव काय द्यायचे, हा आजचा विषय. कार्यक्रमपत्रिकेत तो ‘जाणिवेखालच्या मनोव्यापारांची नावे’ असा छापला आहे, आणि त्यातल्या ‘खालच्या’ या शब्दाशीच प्रस्तुत वक्त्याचे भांडण आहे.

मराठीत या प्रांतात शब्दांचा तुटवडा नाही. सुप्त मन, अंतर्मन, अबोध मन, अर्धजागृत मन, अचेतन, अवचेतन, नेणीव. ही झाली पुस्तकातली रांग. घरात आणि बाजारात चालणारी रांग वेगळीच आहे: नकळत, आपसूक, अभावितपणे, अनवधानाने, बोलण्याच्या ओघात, ध्यानीमनी नसताना. शिवाय गोष्ट अंगवळणी पडते, हात बसतो, नाव ओठांवर येऊन अडते, शंकेची पाल चुकचुकते. पहिल्या रांगेतले शब्द बहुतेक नामे आहेत. मन तर आहेच, पण त्याच्या आत किंवा खाली आणखी एक मन आहे, त्याला स्वतःच्या इच्छा आहेत, स्वतःची स्मरणशक्ती आहे, असे ही नामे सांगतात. दुसऱ्या रांगेतले शब्द फक्त एवढेच सांगतात की अमुक गोष्ट घडली ती कशी घडली. गेल्या शतकाभरातला प्रायोगिक पुरावा पाहिला तर पहिल्या रांगेला प्रतिष्ठा जास्त मिळाली आणि दुसरी रांग खरी ठरली, असे वक्त्याचे मत आहे.

युरोपात या नामांची वंशावळ बरीच मागे जाते. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स यांनी इंग्रज तत्त्वज्ञ लॉक यांच्या ग्रंथाला उत्तर म्हणून एक पुस्तक लिहिले. १७०४ साली लॉक वारले आणि मृत माणसाशी वाद नको म्हणून लायब्निट्स यांनी ते छापलेच नाही. ते निघाले १७६५ साली, त्यांच्या स्वतःच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने. त्यात समुद्राच्या गाजेचा दाखला आहे. गाज ऐकू येते याचा अर्थ प्रत्येक लाटेचा आवाज कानाला काही ना काही लागतोच, कारण शून्याची लाख वेळा बेरीज केली तरी शून्यच राहते. अशा वेगळ्या ओळखू न येणाऱ्या संवेदनांना त्यांनी ‘लहान संवेदना’ म्हटले. किती साधे नाव! त्यात खोली नाही, अंधार नाही, फक्त आकार आहे.

पुढे हर्बार्ट यांनी १८२४-२५ च्या आपल्या मानसशास्त्रात उंबरठा आणला. कल्पना एकमेकींना रेटतात, काही उंबरठ्याच्या वर येतात, काही खाली ढकलल्या जातात. फेख्नर यांनी १८६० साली तोच उंबरठा प्रयोगशाळेत नेला आणि किती ग्रॅम वजन वाढवले की माणसाला फरक जाणवतो, याची पद्धतशीर मोजणी होऊ लागली. ‘खाली’ हा शब्द या विषयात पक्का बसला तो असा.

हेल्महोल्ट्झ यांचा मार्ग निराळा होता. दृष्टिविज्ञानावरच्या ग्रंथात त्यांनी ‘अजाणता काढलेले अनुमान’ अशा अर्थाची संज्ञा वापरली. क्षितिजावरचा चंद्र मोठा दिसतो. तो मोठा नाही हे पुरते ठाऊक असले तरी मोठाच दिसतो. डोळ्यांकडून आलेल्या माहितीवरून निष्कर्ष निघून गेलेला असतो आणि आपल्या हाती फक्त निष्कर्ष पडतो. या संज्ञेत दुसरे मन नाही, एक क्रिया आहे आणि ती कशी झाली याचे विशेषण आहे. पण १८६९ साली एडुआर्ड फॉन हार्टमान नावाच्या सत्ताविशीच्या तरुणाने ‘अचेतनाचे तत्त्वज्ञान’ नावाचा भला मोठा ग्रंथ काढला. त्यात अचेतन हे विश्वाचे मूळ तत्त्वच होऊन बसले, आणि पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. आपल्या संज्ञेची असल्या तत्त्वज्ञानाशी गल्लत होते, हे पाहून हेल्महोल्ट्झ पुढे ती वापरायचे टाळू लागले. शास्त्रज्ञाने शब्द सोडला आणि बाजाराने उचलला, अशी ही पहिली खेप. शेवटची अर्थातच नव्हे.

फ्रॉइड यांच्याविषयी मराठीत जे बोलले जाते त्यातले बरेचसे हिमनगाच्या चित्रावर उभे आहे. पाण्यावर थोडे टोक, पाण्याखाली प्रचंड पहाड. हे चित्र त्यांच्या नावावर खपते, त्यांच्या प्रकाशित ग्रंथांत मात्र ते सापडत नाही. त्यांनी दिलेली उपमा घराची होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात व्हिएन्नात दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी बाहेरचा मोठा दिवाणखाना, आतली छोटी बैठकीची खोली आणि दोहोंच्या दारात उभा असलेला पहारेकरी असे वर्णन केले, आणि ही कल्पना ओबडधोबड आहे हेही लगेच सांगून टाकले. ऐकणाऱ्यांनी घर लक्षात ठेवले आणि तो खुलासा विसरले.

‘अवचेतन’ हा शब्दही फ्रॉइड यांचा नव्हे. तो रूढ केला पॅरिसच्या पिएर जाने यांनी, १८८९ च्या प्रबंधात. फ्रॉइड यांनी आरंभीच्या लेखनात तो मोजक्या ठिकाणी वापरला आणि मग सोडून दिला. १९२६ साली त्यांनी त्याची स्पष्टच हजेरी घेतली: ‘अव’ म्हणजे जागेने खाली, की जाणिवेसारखीच पण आणखी एक छुपी जाणीव? बोलणाऱ्यालाच ते माहीत नसते, असा त्यांचा आक्षेप होता. तरीही फ्रॉइड म्हणजे अवचेतन हे समीकरण आपल्याकडच्या गाइडांत अजून सुखेनैव नांदते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट १९२३ सालची. तोवर फ्रॉइड ‘अबोध’ हा शब्द मनाच्या एका प्रांताचे नाव म्हणून वापरत होते. त्या वर्षीच्या छोट्या पुस्तकात ते अडचणीत आले, कारण जो ‘मी’ दडपण्याचे काम करतो, त्याचे बरेचसे काम त्या ‘मी’लाच कळत नाही. म्हणजे अबोधपण दाराच्या दोन्ही बाजूंना आहे. मग प्रांताचे नाव बदलावे लागले. गेऑर्ग ग्रोडेक यांच्याकडून त्यांनी ‘ते’ हे साधे जर्मन सर्वनाम घेतले (इंग्रजी अनुवादात त्याचे लॅटिन ‘इड’ झाले) आणि ‘अबोध’ हा शब्द गुण दाखवणारे विशेषण म्हणून उरला. ज्यांच्या नावाने आपण हे नाम चालवतो, त्यांनी स्वतः उतारवयात ते नाम मोडीत काढले होते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी तर १८९० सालीच धोक्याचा कंदील दाखवला होता. आपल्या जाडजूड ग्रंथात त्यांनी अजाण मनोवस्थांच्या बाजूने दिले जाणारे दहा पुरावे मांडले आणि एकेक करून दहाही खोडून काढले. या शब्दाच्या आडून कोणालाही हवे ते खरे मानता येईल, अशी त्यांची तक्रार होती. ती पुढे किती खरी ठरली ते पाहूच.

भारतात फ्रॉइड पोचले ते कलकत्त्यात. गिरींद्रशेखर बोस (१८८७–१९५३) हे पेशाने डॉक्टर. दडपणाच्या कल्पनेवरचा त्यांचा प्रबंध १९२१ साली छापला गेला, तो त्यांनी व्हिएन्नाला पाठवला, आणि पुढची बरीच वर्षे दोघांचा पत्रव्यवहार चालला. भेट कधीच झाली नाही. १९२२ साली बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. फ्रॉइड यांच्या पंचाहत्तरीला, १९३१ साली, कलकत्त्याहून हस्तिदंती विष्णुमूर्ती गेली आणि ती त्यांच्या लिहिण्याच्या टेबलावर विराजमान झाली. मूर्ती ठेवून घेतली तरी बोस यांचा सिद्धांत फ्रॉइड यांनी पुरता मान्य केला नाही. बोस म्हणत की प्रत्येक इच्छेला तिच्या उलट इच्छेची जोड असते. मारावेसे वाटणाऱ्यात मार खावासा वाटणेही असते, आणि एक वर आली की दुसरी दबते. म्हणजे त्यांच्या मांडणीत दोन खोल्यांपेक्षा दोन क्रियांना महत्त्व होते. बंगालीत या मंडळींनी अबोधासाठी ‘निर्ज्ञान’ हा शब्द चालवला. मराठीने तो घेतला नाही.

आता ‘आमच्याकडे हे सगळे आधीच होते’ हा मुद्दा. तो सभागृहात कोणाच्या ना कोणाच्या मनात आलेला असणार. होते, पण वेगळ्या कामासाठी होते. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात क्लेशांच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: प्रसुप्त, तनु, विच्छिन्न आणि उदार. राग, द्वेष वगैरे एखादा क्लेश माणसात आत्ता झोपलेला असेल, क्षीण झालेला असेल, दुसऱ्याने अडवलेला असेल किंवा पूर्ण भरात असेल. इथे झोपलेला आहे तो क्लेश, मन नव्हे. ‘सुप्त मन’ म्हणताना विसाव्या शतकाने विशेषण जुनेच ठेवले आणि विशेष्य बदलले. संस्कार आणि वासना हे शब्दही मागे उरलेल्या परिणामाविषयी आहेत. केलेल्या कर्माने पुढच्या कर्माला दिलेले वळण, एवढा त्यांचा अर्थ. कोठाराची कल्पना आपल्याकडे आलीच नाही असे मात्र नाही. योगाचार बौद्धांचे ‘आलयविज्ञान’ म्हणजे अक्षरशः साठवणीचे विज्ञान. पण हा आत्माच मागच्या दाराने आत येतो आहे, अशी कुरकुर इतर बौद्धांनी केली, आणि वसुबंधूंनी आपल्या तीस कारिकांत आधीच सांगून ठेवले होते की हे विज्ञान नदीच्या लोंढ्यासारखे वाहते. ज्यांनी कोठार म्हटले त्यांनीच त्याला स्थिर राहू दिले नाही.

मराठीतल्या ‘नेणीव’ची गोष्टही अशीच आहे. जाणीव आणि नेणीव ही जोडी ज्ञानदेवांच्या हरिपाठात आहे, आणि वारकऱ्याला ती पाठ असते. तिथे नेणीव म्हणजे न जाणणे, अज्ञान. लहान मूल ‘नेणते’ असते त्या अर्थाने. तिच्यात काही दडवून ठेवलेले नसते. विसाव्या शतकातल्या समीक्षकांनी हा गोड शब्द फ्रॉइड यांच्या कामाला लावला आणि ‘कवीच्या नेणिवेतून वर आलेली प्रतिमा’ असे लिहिणे सुरू झाले. मर्ढेकरांनी १९४२ साली ‘रात्रीचा दिवस’ लिहिली तेव्हा मराठीला संज्ञाप्रवाही कादंबरीची ओळख होत होती, आणि त्या वाऱ्यात नेणीव चांगलीच फोफावली. कवितेच्या चर्चेत ती शोभते. अर्थ जरा धूसर असला तरी तिथे बिघडत नाही.

बिघडते ते शास्त्राच्या गोष्टी सांगताना. म्हणून थोडा वेळ प्रयोगशाळेत जाऊ.

जिनिव्हाचे एदुआर क्लापारेद यांच्याकडे एक बाई होत्या, कोर्साकॉफच्या आजाराने स्मृती गेलेल्या. रोज भेटणाऱ्या डॉक्टरांनाही त्या रोज नव्याने भेटत. एके दिवशी क्लापारेद यांनी बोटांच्या बेचक्यात टाचणी लपवून त्यांच्याशी हस्तांदोलन केले. बाई कळवळल्या आणि थोड्या वेळात विसरल्या. पुन्हा डॉक्टरांनी हात पुढे केला तेव्हा त्यांनी आपला हात झटकन मागे घेतला. का, असे विचारल्यावर आधी त्यांनी हात मागे घेण्याचा आपला हक्क सांगितला, आणि फारच खोदल्यावर, कोणी हातात टाचण्या लपवतात ना कधी कधी, असे काहीसे म्हणाल्या. टाचणी कोणी, कधी टोचली, हे त्यांच्या गावीही नव्हते. ही हकिगत १९११ साली छापली गेली. आजच्या नीतिसमितीने ती छापू दिली नसती, हे वेगळे.

चार दशकांनी, १९५३ साली, अमेरिकेत हेन्री मोलेसन यांच्यावर अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांची नव्या आठवणी साठवण्याची शक्ती गेली. माँट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना एक काम दिले. कागदावर दुहेरी रेघांची चांदणी. दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हात थेट दिसू द्यायचा नाही, फक्त आरशात बघायचे. कोणीही करून पाहावे. पेन्सिल पुढे न्यावी म्हटले तर मागे पळते आणि कोपऱ्यावर हात अक्षरशः अडकून बसतो. मोलेसन यांचीही पहिल्या दिवशी अशीच त्रेधा उडाली. तिसऱ्या दिवशी मात्र रेघ सफाईदार येऊ लागली, आणि हे काम आपण पूर्वी केल्याचे त्यांना ठाऊकच नव्हते. इतके सोपे कसे गेले, याचे त्यांनाच नवल वाटले.

या दोन हकिगतींत ‘सुप्त मनात आठवण होती’ असे म्हणून काय कळते? काहीच नाही. उलट असे वाटू लागते की बाईंची टाचणीची आठवण आत कुठेतरी अखंड पडून आहे आणि योग्य किल्ली मिळाली तर बाहेर येईल. तशी ती नव्हती. वेदनेने हाताला दिलेले वळण होते, सरावाने हाताला दिलेले वळण होते. प्रसंगाची आठवण वेगळ्या यंत्रणेचे काम आणि ती यंत्रणाच निकामी झाली होती. ‘अंगवळणी पडले’ हे मराठीतले साधे वाक्य इथे तंतोतंत बसते. त्यात अंग आहे, वळण आहे आणि पडणे आहे, म्हणजे कोणी जाणून केले नाही हेही आले.

लंडनमध्ये लॉरेन्स वाइस्क्रान्ट्झ यांनी तपासलेल्या डी. बी. या रुग्णाची कहाणी याहून चक्रावणारी आहे. मेंदूच्या मागच्या भागातली रक्तवाहिन्यांची गाठ काढताना उजव्या बाजूच्या दृष्टिकेंद्राचा मोठा भाग काढावा लागला, आणि त्यांना समोरच्या दृश्याची डावी बाजू दिसेनाशी झाली. त्या आंधळ्या बाजूला दिवा लावून ‘बोट दाखवा’ म्हटले की ते वैतागत: दिसतच नाही तर दाखवू काय? अंदाजाने दाखवा, असा आग्रह केला. बोट बऱ्याच वेळा दिव्यापाशी गेले. रेघ आडवी की उभी, अक्षर फुलीचे की गोलाचे, यातही ‘अंदाज’ सरसकट बरोबर येऊ लागले. निकाल सांगितल्यावर त्यांना आश्चर्य वाटले. आपण केवळ अंदाज करत होतो, हे त्यांचे म्हणणे कायम होते. १९७४ साली या प्रकाराला ‘ब्लाइंडसाइट’ हे नाव मिळाले. इथेही आत बसून कोणी दुसरा बघत नव्हता. डोळ्यांकडून मेंदूत जाणाऱ्या वाटा एकाहून जास्त आहेत, आणि त्यातली एक वाट ‘मला दिसते आहे’ या अनुभवाला न शिवता हातापर्यंत पोचते.

पण यासाठी रुग्णालयात जायची गरज नाही. मराठी बोलणारा प्रत्येक माणूस हा प्रयोग दिवसभर करत असतो.

‘सोफा’ मराठीत आला आणि आपण ‘सोफ्यावर’ बसू लागलो. ‘कॅमेरा’ आला, ‘कॅमेऱ्यात’ फोटो टिपला. घोडा, घोड्यावर, सोफा, सोफ्यावर. ठीक. मग ‘सिनेमा’ आला, आणि कोणी ‘सिनेम्यात’ काम केले का? नाही, ‘सिनेमात’ केले. का? ज्यांनी शाळेत सामान्यरूपाचे नियम पाठ केले त्यांनाही चटकन सांगता येणार नाही, आणि ज्यांनी शाळाच पाहिली नाही तेही ‘सिनेम्यात’ ऐकले की हसतील. तीन-चार वर्षांचे मूल कोणी न शिकवता ही गाळणी लावू लागते. ‘बस’ ती, ‘ट्रक’ तो, ‘तिकीट’ ते, हे ठरवायला कोणती सभा भरली नव्हती. पुण्यामुंबईपासून दूर, बेळगाव-बडोद्याकडे किंवा परदेशात वाढलेल्या मराठी मुलांच्या बोलण्यात लिंगाच्या निवडी कधी वेगळ्या पडतात, पण त्याही वाटेल तशा पडत नाहीत. भोवती ऐकलेल्या भाषेने दिलेला कल त्यांत दिसतो.

आर्थर रेबर यांनी १९६७ साली याची छोटी कृत्रिम प्रतिकृती केली. काही थोडी इंग्रजी अक्षरे घेऊन त्यांची एका गुप्त नियमाने माळ करायची, आणि लोकांना त्या माळा नुसत्या पाठ करायला द्यायच्या. मग सांगायचे की यामागे नियम होता; आता या नव्या माळांतल्या कोणत्या नियमात बसतात ते ओळखा. लोकांना नियम सांगता येईना, पण ओळखताना ते निव्वळ अंदाजापेक्षा बरेच जास्त बरोबर निघाले. नियमाचा किती भाग खरोखर नकळत शिकला गेला आणि किती अर्धवट लक्षात होता, यावर पुढे दशकानुदशके वाद चालला, आणि तो वाद उपयोगाचा होता. कळणे आणि न कळणे यांच्यात भिंत नाही, पायऱ्या आहेत, हे त्यातून दिसले.

पत्त्यांच्या खेळाचेही तेच झाले. अमेरिकेत आयोवा इथल्या बेचारा आणि दामासिओ यांच्या गटाने १९९७ साली लोकांना पत्त्यांचे चार गठ्ठे दिले. दोन गठ्ठ्यांत मोठी बक्षिसे पण त्याहून मोठे दंड, दोनांत थोडकी पण फायद्याची कमाई. काही पत्ते उचलून झाल्यावर वाईट गठ्ठ्याकडे हात जायच्या आधीच तळव्याला सूक्ष्म घाम येऊ लागला, आणि कोणता गठ्ठा वाईट हे खेळणाऱ्याला तेव्हा सांगता येत नव्हते. मराठीत याला शंकेची पाल चुकचुकणे म्हणतात. पण २००४ साली माया आणि मॅक्लेलंड यांनी तोच खेळ घेऊन मध्ये मध्ये नीट, खोलात जाऊन प्रश्न विचारले, तेव्हा लोकांना बरेच आधी बरेच काही कळलेले निघाले. आधीच्या प्रयोगात प्रश्नच ढोबळ होते. मराठी वाक्प्रचार इथे प्रयोगकर्त्यांपेक्षा सावध ठरतो: पाल चुकचुकली म्हणणाऱ्याला काहीतरी कळलेले असते, फक्त ते त्याला धड सांगता येत नसते.

नामांनी केलेले नुकसान पाहायचे तर बाजारात यावे लागते. १९५७ साली अमेरिकेत जेम्स व्हिकरी नावाच्या जाहिरात सल्लागाराने जाहीर केले की चित्रपट चालू असताना क्षणाच्या बारीक अंशासाठी ‘पॉपकॉर्न खा’, ‘कोका-कोला प्या’ अशा अक्षरांची झलक दाखवली. कोणाला ती दिसली नाही, पण कोका-कोलाची विक्री १८.१ टक्क्यांनी आणि पॉपकॉर्नची ५७ टक्क्यांहून जास्त वाढली. देशभर घबराट उडाली. दशांशासह दिलेल्या आकड्याला केवढे वजन असते! १९६२ साली व्हिकरी यांनीच एका मुलाखतीत कबूल केले की हा सारा धंदा वाढवण्यासाठी केलेला बनाव होता. तोपर्यंत ‘अंतर्मनावर परस्पर हुकूम सोडता येतो’ ही समजूत जगभर पोचली होती. जोसेफ मर्फी यांचे अवचेतन मनाच्या शक्तीवरचे पुस्तक १९६३ सालचे. त्याचे मराठी अनुवाद आजही पुस्तक प्रदर्शनात पहिल्या टेबलावर असतात. इच्छा अंतर्मनात रुजवा, ते ती पुरी करील. जेम्स यांची तक्रार ती हीच.

विद्यापीठेही मोहातून सुटली नाहीत. १९९६ साली जॉन बार्घ यांच्या गटाने दाखवले की म्हातारपणाशी जोडलेले शब्द वाचलेले तरुण विद्यार्थी खोलीतून बाहेर पडताना हळू चालतात. पाठ्यपुस्तकांनी हा प्रयोग उचलून धरला. २०१२ साली ब्रुसेल्समध्ये स्तेफान दोयेन आणि सहकाऱ्यांनी घड्याळाऐवजी इन्फ्रारेड संवेदक लावून तो पुन्हा केला. चाल मंदावली नाही. मंदावली ती प्रयोग घेणाऱ्यांना आधीच तशी अपेक्षा करायला सांगितले तेव्हा.

सर्वांत महाग पडली ती तळघराची कल्पना. १९८० आणि ९० च्या दशकांत अमेरिकेत काही उपचारक रुग्णांच्या ‘दडपलेल्या आठवणी’ संमोहनाने आणि सूचनांनी वर काढू लागले, आणि त्या आठवणींच्या आधारे मुलींनी बापांवर खटले भरले. आठवण तळघरात पडलेल्या पेटीसारखी जशीच्या तशी असते, असे मानले तर हे रास्तच. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रौढ माणसांना त्यांच्या घरच्यांच्या मदतीने एक न घडलेला प्रसंग सांगितला: लहानपणी तुम्ही बाजारात हरवला होता. काहींना तो ‘आठवू’ लागला, काहींनी त्यात तपशीलही भरले. मुलांवर अत्याचार होतात आणि ते दडवले जातात, हे सत्य याने खोटे ठरत नाही. पण आठवण आठवताना घडते, नुसती काढून आणली जात नाही, हे त्या खटल्यांत कितीतरी लोकांना उशिरा कळले.

कायद्याने मात्र पहिल्यापासून क्रियाविशेषणांवर विश्वास ठेवला आहे. भारतीय दंडसंहितेने आरोपीच्या मनाचे मजले कधी मोजले नाहीत. कृत्य इच्छापूर्वक केले का, जाणीवपूर्वक केले का, एवढेच विचारले. कॅनडात १९८७ साली केनेथ पार्क्स हा तरुण झोपेतच उठून २३ किलोमीटर गाडी चालवत सासरी गेला आणि त्याच्या हातून सासूचा खून झाला. तो झोपेत चालत होता हे डॉक्टरांच्या साक्षींवरून ज्युरीला पटले, तो सुटला, आणि १९९२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम ठेवली. त्याच्या अंतर्मनाला सासू मारायची होती का, हा प्रश्न वर्तमानपत्रांना पडेल. न्यायालयापुढचा प्रश्न होता तो कृत्य त्याने स्वेच्छेने केले का, हा.

या साऱ्यातून नामे पार हद्दपार करावीत असे वक्त्याचे म्हणणे नाही. फ्रॉइड यांच्या सिद्धांताविषयी लिहिताना ‘अबोध’ हवाच. तो त्यांच्या मांडणीतला शब्द आहे आणि मांडणी समजून घ्यायची तर तो टाळून चालणार नाही. नेणीव कवींकडे आणि त्यांच्या समीक्षकांकडे सुखाने राहावी. योगशास्त्रावर लिहिणाऱ्यांनी संस्कार हा शब्द त्याच्या मूळ अर्थाने वापरावा, त्यावर अमेरिकी पुस्तकातले अवचेतन चढवू नये.

विनंती आहे ती पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना, आरोग्याच्या पुरवण्या चालवणाऱ्यांना आणि अनुवादकांना. ‘अंतर्मन’ किंवा ‘सुप्त मन’ लिहून झाले की तेच वाक्य एकदा ‘नकळत’ घालून लिहून पाहावे. ‘त्याच्या सुप्त मनाने धोका ओळखला’ याऐवजी ‘त्याला धोका नकळत जाणवला’. अर्थ शाबूत राहिला, आणि दहापैकी नऊ वेळा तो राहील, तर नाम खोडून टाकावे. ज्या वाक्यात तो राहत नाही तिथे सुप्त मन म्हणजे नेमके कोणते काम, ते कोणत्या प्रयोगात दिसले, हे लेखकाने पुढच्याच ओळीत सांगावे. सांगता येत नसेल तर ते वाक्य छापू नये. आणि मानसशास्त्राच्या परिभाषाकोशाची पुढची आवृत्ती कोणी हाती घेतली, तर अवचेतनाच्या नोंदीबरोबर ‘अंगवळणी पडणे’ आणि ‘हात बसणे’ यांनाही स्वतंत्र नोंद द्यावी.